‘सुरक्षित’ म्हणजे काय, हे मुलांच्या फोटोंतून: गटाचा फोटो-प्रकल्प टप्प्याटप्प्याने

मुलांच्या हाती फोन दिले, फळ्यावर ‘माझी सुरक्षितता’ असा विषय लिहिला आणि आठवड्यानं फोटो गोळा केले, तर काय येतं ते ठरलेलं आहे. हेल्मेट, कुलूप, सीसीटीव्ही, पोलीस चौकी, हात धुणारी बहीण. शाळेत निबंध लिहावा तसं उत्तर मुलांनी फोटोत दिलेलं असतं. दुसरीकडे, एखादी मुलगी खरंच मनातला फोटो आणते आणि तो त्याच संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो, चेहऱ्यासकट. किंवा फोटो दाखवता दाखवता एखादा मुलगा घरातली अशी गोष्ट सांगतो की समोरच्या ताई-दादांना पुढं काय करायचं तेच सुचत नाही.

तिन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: क्रम चुकलेला असतो. कॅमेरा आधी आणि तयारी नंतर. शाळा, वाचनालय, वस्तीतलं मंडळ किंवा संस्था यांनी ११ ते १७ वयोगटासाठी हा प्रकल्प कसा घ्यावा, ते इथे क्रमानं दिलं आहे. तयारीला तीन आठवडे आणि मुलांसोबत दोन-दोन तासांची आठ सत्रं, एवढा वेळ धरा. यापेक्षा कमी वेळ असेल तर मुलं कमी घ्या, टप्पे गाळू नका.

## टप्पा १: मुलं येण्याआधीची तयारी

गट. दहा ते बारा मुलं पुरेत. वीस घेतली की चर्चेला वेळ उरत नाही आणि मग मोठी माणसंच घाईनं फोटो निवडू लागतात. ११ ते १३ आणि १४ ते १७ असे दोन वेगळे गट करा. मोठ्या मुलींना जे बोलायचं असतं ते लहानांसमोर बोललं जात नाही. सोबत किमान दोन मोठी माणसं हवीत, त्यातली एक तरी बाई.

मदतीची साखळी. हे काम पहिल्या सत्राच्या आधी पूर्ण झालं पाहिजे. एका कागदावर लिहून ठेवा: चाइल्ड हेल्पलाइन १०९८ (मोफत, चोवीस तास), जवळच्या पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचा नंबर, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती. शाळेत असाल तर सखी सावित्री समितीवर (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) कोण आहे ते विचारून घ्या. नंबर लावून पाहा, नुसते उतरवू नका.

पोक्सो कायदा, २०१२ (लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा) प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे (कलम १९). न कळवणं हा मोठ्या माणसासाठी गुन्हा आहे (कलम २१). ‘आधी आपापसात बघू’, ‘शाळेचं नाव जाईल’ याला इथे जागा नाही, हे मुख्याध्यापकांशी किंवा संस्थाप्रमुखांशी आधीच स्पष्ट बोला.

यंत्र. प्रकल्पाचे वेगळे फोन असलेले चांगले, दोन मुलांत एक. आठ मेगापिक्सेल आणि त्यापुढचा कोणताही जुना फोन चालतो. सिम काढा, फोन रिसेट करा, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जागेची नोंद बंद करा, फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद करा. जागेची नोंद चालू राहिली तर फोटोच्या फाइलमध्येच तो कुठं काढला ते नोंदलं जातं, म्हणजे चेहरा झाकूनही मुलीचं घर सापडतं. जुना डिजिटल कॅमेरा मिळाला तर त्याहून उत्तम.

मुलांनी वडिलांचा फोन वापरायचा, ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत घातक पद्धत. घरच्याच कुणाची भीती वाटत असेल, तर तो फोटो त्याच माणसाच्या गॅलरीत जाऊन पडतो.

तपासा: नंबर लावून पाहिले? प्रत्येक फोनवर एक फोटो काढून त्याच्या तपशिलात जागा दिसत नाही ना, हे पाहिलं? फोटो उतरवून ठेवायला पासवर्ड असलेला एकच संगणक ठरला?

## टप्पा २: संमती, तीन वेळा

एकदा सही घेतली की झालं, ही समजूत सोडून द्या. संमती तीन वेगळ्या गोष्टींची असते आणि ती तीन वेगळ्या वेळी घ्यावी लागते.

पहिली, प्रकल्पात येण्याची. पालकांची सही आणि मुलाचीही स्वतःची सही. पालक हो म्हणाले पण मूल गप्प राहिलं, तर ते ‘नाही’ समजा. पत्र एका पानाचं असावं आणि घरातल्या बोलीत वाचून दाखवावं. बंजारा तांड्यावर त्यांच्या गोरमाटी बोलीत, पाड्यावर तिथल्या भाषेत. त्यात पाच गोष्टी हव्यात: मूल काय करणार, फोटो कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, कधीही बाहेर पडता येतं, आणि एखादं मूल धोक्यात असल्याचं कळलं तर ते आम्ही गुप्त ठेवणार नाही. शेवटची ओळ अवघड वाटते म्हणून गाळली जाते. गाळू नका.

दुसरी, फोटोत येणाऱ्या माणसाची. मुलांकडून ही वाक्यं जोडीजोडीनं पाठ करून घ्या: ‘आमच्या गटाच्या कामासाठी फोटो काढतेय. तुमचा चेहरा येणार नाही. काढू का?’ समोरच्यानं नकार दिला तर काय करायचं याचाही सराव घ्या. बरीच मुलं नकार ऐकून वाद घालतात किंवा लपून काढतात.

तिसरी, फोटो बाहेर दाखवण्याची. ती प्रत्येक फोटोसाठी वेगळी आणि अगदी शेवटी, टप्पा ७ मध्ये. सुरुवातीलाच ‘सर्व फोटो वापरायला परवानगी’ असं लिहून घेण्याला काही अर्थ नाही, कारण तोवर फोटोच काढलेला नसतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यातही १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. पण इथली खरी गरज कायद्याच्या आधीची आहे: मुलाला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे.

## टप्पा ३: प्रश्न उघडणं

‘सुरक्षितता’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द आहे. तो ऐकला की मुलं रस्ता-सुरक्षेच्या पोस्टरमध्ये शिरतात. म्हणून पहिल्या सत्रात हा शब्द उच्चारूच नका. मुलांच्या तोंडचे शब्द घ्या: बिनधास्त, निवांत, धाकधूक, आधार, जीव मुठीत धरून.

असे प्रश्न विचारा:

- कुठं गेलं की पाय आपोआप भरभर पडतात?
- घरात कुठला कोपरा तुझा आहे?
- कोण सोबत असलं की मागं वळून बघावं लागत नाही?
- अंधार पडला की कुठला रस्ता बदलतेस?
- कुठल्या आवाजानं बरं वाटतं? कुठल्या आवाजानं पोटात गोळा येतो?

मग जमिनीवर खडूनं गावाचा किंवा वस्तीचा नकाशा. शाळा, पार, पाण्याची टाकी, सार्वजनिक संडास, पानटपरी, वडापचा (शेअर जीपचा) थांबा, शिकवणीचं घर, विहीर. मुलांना टिकल्यांची पाकिटं द्या: हिरवी म्हणजे निवांत, लाल म्हणजे धाकधूक, पिवळी म्हणजे वेळेवर अवलंबून. पिवळीवर वेळ लिहायला सांगा. बऱ्याचदा सगळ्यांत जास्त माहिती त्या पिवळ्या टिकल्यांतच असते. दुपारी खेळायची जागा सातनंतर वेगळी होते.

मुलींचा आणि मुलांचा नकाशा वेगवेगळा करा, मग शेजारी शेजारी बघा. मुलांनी हिरवी लावलेल्या कट्ट्यावर मुलींनी लाल लावलेली दिसली, तर तिथं थांबा आणि बोलू द्या. तुम्ही समजावून सांगायला जाऊ नका.

नेहमीची चूक: फक्त लाल जागा बघणं. मग सगळा प्रकल्प धोक्यांची यादी होतो. आजीचा ओटा, वाचनालयातलं खिडकीजवळचं बाक, मैत्रिणीची सायकल यांचेही फोटो हवेत. सुरक्षित वाटणं कशानं घडतं ते त्यांतूनच कळतं.

## टप्पा ४: कॅमेरा हातात घेणं

तांत्रिक भाग एका सत्रात संपतो. त्याहून जास्त शिकवलं तर मुलं ‘छान’ फोटोच्या मागं लागतात.

भिंग मऊ सुती कापडानं पुसा. फ्लॅश, फिल्टर आणि चेहरा गोरा करणारा मोड बंद. बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढं जा. उजेड सकाळी सात ते नऊ आणि दुपारी साडेचारनंतर चांगला. फोटो स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यायचा. बारा वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून दुकानाचा काउंटर आणि बसमधली गर्दी कशी दिसते, हीच या फोटोची ताकद आहे. खुर्चीवर चढून काढलेल्या फोटोत ती जाते.

अंधाराचं एक वेगळं सांगायला हवं. आजचे फोन अंधारातला फोटो स्वतःहून उजळतात. मुलीला भीती वाटते ती काळोखी गल्ली फोटोत संध्याकाळसारखी दिसते, आणि बघणारा म्हणतो, ‘दिसतंय की सगळं.’ नाइट मोड बंद करा, पडद्यावर लांबच्या दिव्यावर बोट टेकवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, डोळ्यांना दिसतो तेवढा काळोख येईपर्यंत. फोन भिंतीला टेकवा आणि दोन-तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे हलत नाही.

चेहऱ्याविना फोटो. पहिल्या फेरीत एकही चेहरा नको, हा नियम सरसकट ठेवा. पाठमोरी माणसं, हात, सावली, दाराबाहेरच्या चपला, रिकामी जागा, वस्तू. या मर्यादेमुळं मुलं अधिक विचार करतात, हा तिचा दुसरा फायदा.

चेहरा नसला तरी ओळख पटते हे विसरू नका. गणवेशावरचा बिल्ला, शाळेची पाटी, गाडीचा नंबर, दप्तरावरचं नाव, काचेतलं प्रतिबिंब, हातावरचं गोंदण. डोळ्यांवर काळी पट्टी मारून कुणीच लपत नाही, शेजारच्याला तर नक्कीच नाही.

## टप्पा ५: फोटो काढायचा आठवडा

आठवड्याला प्रत्येकी १५ फोटो, त्यातले तीन स्वतः निवडून आणायचे. मर्यादा नसेल तर दोनशे येतात आणि एकाकडेही नीट बघितलं जात नाही.

बाहेर पडण्यापूर्वी हे नियम मोठ्यानं वाचा आणि मुलांना परत सांगायला लावा:

1. धोक्याचा फोटो धोक्याजवळ जाऊन काढायचा नाही. तू एरवी जिथून जातेस तिथूनच.
2. रेल्वे रूळ, विहिरीचा काठ, कठडा नसलेली गच्ची, विजेचा डीपी, बांधकाम, धरणाची भिंत इथे जायचं नाही.
3. अंधार पडल्यावर एकटं नाही. अंधाराचा फोटो दारातून, खिडकीतून किंवा ताई-दादांसोबत.
4. भांडण, मारहाण, दारू प्यायलेली माणसं चालू प्रसंगात टिपायची नाहीत. नंतर त्या रिकाम्या जागेचा फोटो काढता येतो.
5. कुणी फोन मागितला किंवा ओरडलं, तर फोन देऊन निघून यायचं.

पाचवा नियम मुलांना पटत नाही. त्यांना फोन हरवल्याची भीती असते. फोन हरवला तर कुणी रागावणार नाही आणि पैसे मागणार नाही, हे त्यांच्या आणि पालकांच्या समोर सांगा, आणि पाळा.

आणता न आलेल्या फोटोसाठी कोरा कागद ठेवा. ‘हा फोटो मी काढला नाही, कारण…’ एवढं लिहून दिलेला कागदही तीनपैकी एक फोटो धरा. काही मुलांचं खरं म्हणणं त्या कागदावरच येतं.

तपासा: आठवड्याच्या मध्ये एकदा प्रत्येक मुलाला भेटून विचारा, ‘फोटो काढताना कुणी काही बोललं का?’ फोनवर विचारलं तर बाजूला कोण आहे ते कळत नाही.

## टप्पा ६: बसून बोलणं

प्रकल्पाचा जीव इथे आहे आणि घाईही इथेच होते. एका मुलाला आठ मिनिटं धरली तर बारा मुलांना ९६ मिनिटं लागतात, आणि शेवटच्या चौघांचं कुणी ऐकत नाही. म्हणून सहा-सहा मुलं, दोन सत्रांत. फोटो ४ × ६ इंचांत छापून घ्या. फोनच्या पडद्यावर सगळे मिळून बघता येत नाहीत. छापायला दुकानात देण्यापेक्षा साधा घरचा प्रिंटर बरा. दुकानातच द्यावे लागले तर समोर उभं राहून छापून घ्या आणि फाइल तिथल्या संगणकावरून पुसून घ्या.

क्रम असा. फोटो मध्ये ठेवायचा, मिनिटभर सगळे गप्प. मग इतरांनी फक्त दिसतं ते सांगायचं, अर्थ नाही. मग ज्यानं काढला त्यानं बोलायचं. नंतर पुढचे प्रश्न: इथं खरं काय चाललेलं असतं? याचा आपल्या रोजच्या जगण्याशी काय संबंध? हे असं का आहे? काय बदललं तर बरं होईल, आणि ते कुणाच्या हातात आहे?

‘असं का’ या प्रश्नावर मुलं स्वतःलाच दोष देतात. ‘मी उशिरा निघते म्हणून.’ तेव्हा हळूच विचारा, उशीर का होतो? शिकवणी साडेसातला सुटते, शेवटची बस सातची. दोष मुलीकडून वेळापत्रकाकडे सरकतो.

पहिल्या फेरीत बहुतेक फोटो हेल्मेट-कुलुपाचेच येतील. निराश होऊ नका आणि नावंही ठेवू नका. कुलूप असेल तर विचारा, किल्ली कुणाकडं असते? दुसरी फेरी घ्याच. गटावर विश्वास बसल्यावरचे फोटो वेगळे असतात.

सावधान: मुलानं काही सांगितलं तर

- गटात बोलायला लागलं तर थांबवून ‘हे महत्त्वाचं आहे, आपण दोघं आत्ताच बाजूला बसू’ म्हणा. दुसऱ्या ताई-दादांनी गट सांभाळावा.
- ऐका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही.’
- ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. कुणाला आणि का सांगावं लागेल ते सांगा.
- खोदून विचारू नका. तपास करणं तुमचं काम नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, वेळ आणि तारीख टाका.
- ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाब विचारायला जाऊ नका.
- त्याच दिवशी १०९८ किंवा पोलीस.

फोनमध्ये एखाद्या मुलाचा अश्लील फोटो सापडला, तर पुरावा म्हणूनही तो पुढं पाठवू नका, त्याची प्रत काढू नका. असा फोटो बाळगणं आणि पाठवणं गुन्ह्यात येतं. फोन बंद करून कुलपात ठेवा आणि पोलिसांना कळवा.

## टप्पा ७: ओळी लिहिणं आणि निवड

फोटोखालच्या ओळी ३० ते ५० शब्दांच्या. मूल बोलत असताना लिहून घ्या, मग त्याला वाचून दाखवा. ‘आमच्या इकडं’चं ‘आमच्याकडे’ करू नका. मोठ्यांनी सुधारलेली ओळ लगेच ओळखू येते. नमुन्यादाखल दोन बघा:

‘रस्त्यावरील प्रकाशव्यवस्था ही काळाची गरज आहे.’

‘या दिव्यापासून घरापर्यंत मी फोनवर मोठ्यानं बोलत जाते. फोनवर कुणीच नसतं.’

पहिली ताई-दादांची आहे, दुसरी मुलीची. मुलीच्या ओळीत घडतं ते आहे. म्हणून ‘काय व्हायला हवं?’ आधी विचारू नका. ‘इथं आल्यावर तू काय करतेस?’ हे विचारा.

आता तिसरी संमती. प्रत्येक फोटोसमोर तीन चौकटी: फक्त गटात, गावात/शाळेत, इंटरनेटवर. खूण मुलानं करायची, पालकांनी पाहायचं. घरातल्याच कुणाविषयी फोटो असेल तर तो पालकांपर्यंत नेण्याआधी मुलाशी एकट्यानं बोला. असा फोटो बहुधा गटातच राहावा.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. इंटरनेटवरच्या अनोळखी माणसापेक्षा त्याच गल्लीतला प्रेक्षक जास्त धोक्याचा असू शकतो. तो भिंतीच्या रंगावरून घर ओळखतो आणि अक्षरावरून मूल. म्हणून ओळी छापील हव्यात, फोटोखाली नावाऐवजी वय किंवा मुलानं निवडलेलं टोपणनाव. सगळ्यांनाच टोपणनाव द्या, नाहीतर ज्याचं नाव नाही त्याचाच शोध सुरू होतो. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास पोक्सोच्या कलम २३ नं आणि बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नं मनाई आहे. पत्रकार येणार असतील तर त्यांनाही हे आधी सांगा.

## टप्पा ८: मांडणी आणि मागणी

मांडणी साधी ठेवा. १२ × १८ इंच, सनबोर्डवर, मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते. त्यासाठी फाइल २४०० × ३६०० पिक्सेलच्या आसपास हवी. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेली फाइल बहुधा लहान झालेली असते, म्हणून थेट फोनमधून केबलनं घ्या. फोटोचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांच्या आसपास, म्हणजे मुलांच्या डोळ्यांसमोर. मोठ्यांना थोडं वाकावं लागलं तर लागू द्या.

कापून किंवा झाकून वापरायचा फोटो असेल, तर बदललेली प्रत नवीन फाइल म्हणून जतन करा आणि तीच पाठवा. काही अॅपमध्ये क्रॉप मागं घेता येतो आणि कापलेला चेहरा परत येतो.

पाहुण्यांना नुसतं बोलावू नका, त्यांच्या कामाच्या फोटोसमोर उभं करा. दिव्याच्या फोटोसमोर सरपंच किंवा नगरपालिकेचा विद्युत विभाग, बसच्या फोटोसमोर आगार व्यवस्थापक, शाळेच्या संडासाच्या फोटोसमोर शाळा व्यवस्थापन समिती. प्रत्येक मागणीचा वेगळा अर्ज, एका पानाचा: जागा, वेळ, काय हवं, सोबत फोटो. अर्जावर मोठ्यांची सही आणि ‘गटातील मुले’ एवढंच. कार्यालयात देऊन आवक क्रमांक आणि पोच घ्या. तीस दिवसांनी त्या क्रमांकावर विचारणा करा आणि मिळालेलं उत्तर, नकार असला तरी, मुलांना बसवून सांगा.

शेवटची तपासणी:

- ‘गटातच’ अशी खूण असलेले फोटो मांडणीत चुकून आले नाहीत ना?
- फोन पुसले? मेमरी कार्ड रिकामी केली?
- नाव आणि टोपणनावाची यादी फोटोंपासून वेगळी, कुलपात आहे?
- संमतीपत्रात लिहिलेली फोटो पुसायची तारीख कॅलेंडरवर टाकली आणि ते करणाऱ्याचं नाव ठरलं?
- प्रत्येक मुलाला त्याच्या फोटोंची छापील प्रत मिळाली? घरी नेणं ठीक नसेल तर ती कुठं ठेवायची, हे त्यालाच विचारलं?